यादीतला एफ

“कुंकू पुसायचं न्हाई हां, प्रांजल,” दाजी म्हणाले, “पूजा झालीया त्याची.”

मी पाटासमोर उभी होते. पाटावर पप्पांचा मायक्रोमीटर, दोन व्हर्नियर, लेथची धार लावलेली हत्यारं, आईची विळी, आणि सगळ्यांच्या मध्ये, झेंडूच्या फुलाला टेकवलेला माझा प्रोसेसर. दोन बोटांत मावेल एवढा चौकोन. त्याच्या पत्र्याच्या पाठीवर दाजींनी ओलं कुंकू असं थापलं होतं की बेंदराला बैलाच्या कपाळालासुद्धा एवढं लागत नाही. वर चार अक्षता. त्याचा खोका कुठं गेला म्हणून विचारलं, तर दाजींनी हार-फुलांच्या पिशवीसोबत कचऱ्यात टाकला होता आणि सकाळची घंटागाडी येऊन गेली होती.

“दाजी, त्याला असं उघडं काढायचं नसतं.”

“मग पूजा काय खोक्याची करायची?” दाजी हसले. “कॉम्प्युटरचा मेंदू हाय त्यो. मेंदूलाच टिळा लावायचा. बारा वर्षं क्लास चालवतोय मी, मला शिकवू नको.”

दाजी म्हणजे आत्याचे यजमान. पप्पांचे दाजी, म्हणून घरात सगळ्यांचेच दाजी. कागलला त्यांचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. आमच्या अख्ख्या भावकीत कुणाचा मोबाइल अडला तरी दाजींना विचारायचं असा रिवाज होता, आणि दाजींना तीन गोष्टी यायच्या: बंद करून चालू करणं, व्हायरस आलाय असं सांगणं आणि आपण म्हणालो तेच खरं हे ठासून सांगणं. त्यात ते घरचे जावई. जावयाला आमच्याकडं चहासुद्धा गोड झालाय का असं विचारून देतात, चुकलात असं कोण सांगणार?

हे महापुराच्या वर्षातलं. मी एकोणीस वर्षांची होते आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला माझा जीव रमत नव्हता. मला कॉम्प्युटर जोडायचे होते. पुण्यात जोडणी-दुरुस्तीचा वर्षाचा कोर्स होता, जानेवारीत सुरू होणारा. दाजींचं म्हणणं, पोरगी पुण्याला कशाला, माझ्या क्लासात टायपिंग शिकवायला बसू दे. पप्पा दोघांचं ऐकून घ्यायचे. शेवटी एका रविवारी मला म्हणाले, “तुला घरात गेम खेळायचं मशीन पाहिजे ना? मी सांगतो तेवढ्यात बसव. कुठला भाग घ्यायचा तू ठरव, जोड तू. खंडेनवमीला चालू झालं तर जानेवारीत पुणं. न्हाई झालं तर दाजींचा क्लास.”

मी म्हटलं, “शब्द?”

“शब्द.”

पप्पांचा शब्द म्हणजे पप्पांचं माप. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, आणि तानाजी सुतारानं घडवलेला जॉब मापात चुकला म्हणून परत आलाय असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे नियम घरातही चालायचे. सगळ्यात कडक नियम ड्रॉइंगचा. ज्या कागदावरून काम करायचं त्यावर कुणी खाडाखोड केली तर शेजारी तारीख, कारण आणि सही, तिन्ही पाहिजेत. एकदा त्यांच्या इंजिनिअरनं नुसताच आकडा बदलला, तर पप्पांनी मशीन बंद करून कागद त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. मी चौथीत असताना वहीतलं गणित खोडून उत्तर बदललं होतं. त्यांनी मला समोर बसवून त्या खाडाखोडीशेजारी सही करायला लावली. “बिनसहीची दुरुस्ती म्हणजे चोरी,” ते म्हणाले होते. मला त्या वयात सही करता येत नव्हती. मी नाव लिहिलं.

तर त्या रविवारपासून तीन महिने मी यादी करत होते. पप्पांनी दिलेल्या आकड्यात गेमचं मशीन बसवायचं म्हणजे तोकडं अंथरूण आणि लांब पाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडणार नव्हतं, ते पुढच्या वर्षी. म्हणून सगळी मदार प्रोसेसरवर. मी असा निवडला होता की ज्याच्या पोटातच चित्र दाखवायची सोय होती. माझा ट्रक चालवायचा गेम त्याच्यावर बारीक चित्रात का होईना, चालला असता. त्या प्रोसेसरला चार आकडी नंबर होता. त्याच नंबरचा एक भाऊ बाजारात होता, त्याच्या नंबरामागं इंग्रजी एफ लागायचा. तो थोडा स्वस्त, कारण त्याच्या पोटात चित्राची सोयच नाही. वेगळं कार्ड असेल त्यानं तो खुशाल घ्यावा. मला तो फुकट दिला तरी उपयोगाचा नव्हता. बनवणाऱ्या कंपनीला मी दोष देत नाही, तिनं बिचारीनं खोक्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं.

यादी मी चौकड्यांच्या कागदावर लिहिली, निळ्या पेननं, एकेक अक्षर कोरून. खरेदीला मी जाणार होते, पण नेमकं अष्टमीला कॉलेजनं प्रॅक्टिकल ठेवलं आणि दाजी अडून बसले की अष्टमीचाच मुहूर्त, दुसऱ्या दिवशी पूजेला वस्तू पाहिजेत. मग पप्पा आणि दाजी जाणार असं ठरलं. मी यादी पप्पांच्या हातात दिली. म्हटलं, “यातलं एकही अक्षर बदलायचं न्हाई.” पप्पांनी यादी घडी करून खिशात ठेवली. मी निर्धास्त परीक्षेला गेले. पप्पा आणणार म्हणजे माप चुकणार नाही.

आणि म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी कुंकवाखालचा नंबर बघितला नाही. हे मी आधीच कबूल करून टाकते. अक्षता हळूच झटकल्या, कडा आणि खालची बाजू तपासली, पण पाठीवरचं कुंकू राहू दिलं, कारण दाराशी आई उभी होती आणि तिचे डोळे सांगत होते की आज सणाचा दिवस आहे, जावई घरात आहेत, कालवा नको. कुंकवावरच मी उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, वर पंखा बसवला. दोन तासांत मशीन उभं केलं. एकही स्क्रू उरला नाही.

“चालू करू?”

पप्पा खुर्चीवरून उठून जवळ आले. दाजी सोफ्यावर पाय घेऊन बसले होते. मी बटण दाबलं. पंखे फिरले, निळा दिवा लागला, आईनं हात जोडले. पडदा काळाच. त्यावर एक चौकट इकडून तिकडं फिरायला लागली: सिग्नल नाही.

“व्हायरस,” दाजी म्हणाले.

“आत अजून काहीच न्हाई दाजी, व्हायरस कशात येईल?”

“मग तुझ्या हातनं काहीतरी बिघडलं असंल. नाजूक काम असतंय ते, पोरींनी स्क्रू पिळायचं काम न्हवं.”

मी वायर बदलली. रॅम काढून परत बसवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घामानं पाठ भिजली. मागं दाजींचं चालूच होतं, क्लासात कशी एक खुर्ची रिकामी आहे आणि जानेवारीपासून कशी सोय होईल. शेवटी मी पंखा उतरवला, प्रोसेसर काढला आणि त्याची पाठ पुसली. कुंकू पुसायचं नसतं, ते मी पुसलं. पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांत तेवढं लाल राहिलं, त्यामुळं नंबर कधी नव्हे इतका झकास वाचता येत होता. चार आकडे. मागं एफ.

“हा एफ आणलाय!” मी ओरडले.

“एफच हाय,” दाजी म्हणाले. “एफ म्हणजे फास्ट. माझ्यामुळं मिळाला तुला.”

“एफ म्हणजे फास्ट न्हाई! एफ म्हणजे याला चित्र दाखवता येत न्हाई. वेगळं कार्ड लागतंय, ते आपल्याकडं न्हाई. म्हैस आणलीय दाजी, रग्गड मोठी, फक्त तिला सडं न्हाईत!”

आई म्हणाली, “प्रांजल, हळू.”

“हळू काय? तीन महिने मी—”

“थांब, थांब.” दाजींनी दुकानापासून त्यांच्याकडंच राहिलेली माझी यादी खिशातून काढली, ऐटीत उलगडली आणि माझ्यासमोर धरली. “हे अक्षर कुणाचं? वाच. काय लिहिलंय?”

माझी यादी. माझे चौकडे, माझं निळं पेन. प्रोसेसर, चार आकडे. मागं एफ.

मीच लिहिलं का? तीन महिने एफ नको, एफ नको म्हणत घोकत होते, त्याच नादात हातानं लिहून टाकलं का? आई समजूत घालायला लागली, “व्हतंय बाळ, लिहिताना चुकतंय माणूस.” आणि दाजी म्हणाले, “म्हणून म्हणतोय टायपिंग शिक. हाताला वळण लागंल.”

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी तो कागद हिसकावून घेतला. “हा एफ माझा न्हाई! तुम्ही लिहिलाय हा! दुकानात तुमचं शहाणपण दाखवायला लिहिलात आणि आता माझ्यावर घालताय!”

“मी?” दाजी उभे राहिले. “मी लिहिलाय? तानाजीराव, ऐकताय न्हवं? तुमची पोरगी मला खोटारडा म्हणालीय. तुमच्या घरात. सणाच्या दिवशी!”

आई रडकुंडीला आली. आत्या घरी घट म्हणून कागललाच राहिली होती, तिच्या कानावर हे गेलं तर काय, हे आईच्या तोंडावर दिसत होतं. पप्पा भिंतीकडं बघत होते. मग भिंतीकडंच बघत म्हणाले,

“प्रांजल, दाजींची माफी माग.”

“पप्पा, पण मी खरंच—”

“माग.”

मी मागितली. वाकून, पायाला हात लावून मागितली. दाजींनी डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणाले, “जाऊ दे, लहान हाय.” मग दुकानदाराला फोन लावून बदलून घेता येईल का ते विचारलं, स्पीकरवर, म्हणजे त्यांनी किती धडपड केली ते सगळ्यांना ऐकू यावं. दुकानदार म्हणाला, “खोकं न्हाई म्हणता, वर कुंकू लावलंय म्हणता. पूजेचा माल कसा परत घेऊ साहेब? आमीबी देवाला मानतोय की.”

“बघ,” दाजी मला म्हणाले, “मी सांगून बघितलं.”

“पानं वाढा,” पप्पा म्हणाले.

मी आतल्या खोलीत गेले. दार लावलं. अंगाची लाही लाही होत होती, पंखा लावायला स्विचबोर्डाकडं हात नेला आणि हात तसाच राहिला.

आमच्या घरातल्या प्रत्येक बटणावर पप्पांनी चिकटपट्टी लावून अक्षर लिहिलेलं होतं. टी म्हणजे ट्यूब. पी म्हणजे प्लग. आणि पंख्याच्या बटणावर एफ. लेथवाल्याचा एफ: उभी रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ, दोन्ही आडव्या रेघा सारख्या मापाच्या, आणि पायाशी एक बारीक आडवा ठोका. तो ठोका ड्रॉइंगवरच्या अक्षरांत असतो. लहानपणापासून दिवसातून दहा वेळा मी त्या अक्षरावर बोट ठेवत आले होते.

मुठीतला कागद मी सपाट केला. तोच उभा दांडा. तोच ठोका.

दाजींनी लिहिलंच नव्हतं. दाजी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले होते, आणि मी त्यांच्या पाया पडून आले होते. ज्यानं लिहिलं तो माणूस भिंतीकडं बघत मला माफी मागायला सांगत होता.

रडू आलं नाही. लोक म्हणतात अशा वेळी रडू येतं. मला इतका राग आला होता की कानात शिट्टी वाजत होती. मी बाहेर आले. पानं वाढली होती, दाजींच्या पानाभोवती रांगोळी. मी यादी पप्पांच्या ताटाशेजारी ठेवली.

“हा एफ कुणाचा?”

पप्पांनी कागदाकडं बघितलं नाही. “जेवून घे.”

“हा एफ कुणाचा, पप्पा? आत बटणावर पण असाच आहे.”

आईच्या हातातला डाव भातातच राहिला. दाजी एकदा पप्पांकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले. पप्पा म्हणाले, “माझा.”

“का?”

“दुकानात त्या नंबरात एफवालाच होता. यादी बघितली, तर तुझ्यात एफ न्हवता. दाजी म्हणाले एफ चांगला असतोय. मला वाटलं, तुझं लिहायचं राहिलं.”

“माझं राहिलं?”

“वाटलं तसं. म्हणून लिहून टाकला.”

तुम्हाला सांगते, लबाडी असती तर मला चाललं असतं. पैसे वाचवायला घेतला, जावयाचं मन राखायला घेतला, काहीही चाललं असतं. पण दुकानात, काउंटरवर, माझ्या तीन महिन्यांच्या कागदात आणि एका खोक्यात फरक दिसल्यावर या माणसाच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की चुकलं असेल ते पोरीचं. आणि मी? मी त्यांनी आणलं म्हणून नंबरसुद्धा न वाचता मशीनमध्ये बसवलं होतं.

“फोन का न्हाई केलात?”

“तुझं प्रॅक्टिकल होतं.”

“साडेचारला संपलं. तुम्ही दुकानातनं सहाला निघालात. आईनं सांगितलं मला.”

पप्पांनी पाण्याचा तांब्या सरळ केला.

“आणि मघाशी? मला माफी मागायला लावलीत तेव्हा ठाऊक होतं ना तुम्हाला?”

“तानाजीराव,” दाजी मध्ये पडले, “एवढं काय त्यात? एक अक्षर तर हाय.”

“दाजी,” पप्पा म्हणाले, “तुम्ही जेवा.”

जावयाला या आवाजात बोललेलं मी आमच्या घरात तोवर ऐकलं नव्हतं. पण माझं समाधान झालं नाही. माझं त्या दिवशी कशानंच होणार नव्हतं. मी त्यांच्याच खिशातलं निळं पेन काढलं आणि कागदावर ठेवलं.

“सही करा.”

“काय बोलालीस तू?” आई म्हणाली. “बापाला सही करायला सांगालीस?”

“चौथीत मला करायला लावली होती. बिनसहीची दुरुस्ती म्हणजे काय असतं पप्पा? तुम्हीच सांगितलंय. सांगू दाजींना?”

पप्पांनी हात ताटात धुतला. अजून एक घाससुद्धा घेतला नव्हता. हात पंच्याला पुसला, चष्मा लावला, कागद स्वतःकडं ओढला आणि त्या एफशेजारी तारीख घातली. तिच्याखाली सही केली, ता. सु., ड्रॉइंगवर करतात तशी बारीक. कागद माझ्याकडं सरकवला.

“कारण राहिलं,” मी म्हटलं.

त्यांनी कागद परत घेतला. पेन धरून बसून राहिले. भात निवला. दाजी म्हणाले, “लिवा की, दुकानदाराची चूक.” पप्पांनी ते लिहिलं नाही. आई म्हणाली, “गडबडीत झालं म्हणावं.” तेही लिहिलं नाही. वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर लावून जसा दम धरतात तसा दम धरून बसले आणि मग एकदाच, न थांबता लिहिलं. कागद माझ्या हातात देऊन उठले आणि न जेवता अंगणात गेले.

मी वाचलं. “पोरीला विचारलं नाही.”

मशीन माझ्यामुळं अडलं नव्हतं म्हणून पप्पांनी शब्द पाळला, आणि पुण्याला मी जानेवारीत गेले. त्याआधी दिवाळीत पप्पांनी जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते घेताना दुकानातून तीन वेळा फोन केला आणि खोक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. मशीन लागलं. कुंकवाचा प्रोसेसर वर्षानुवर्षं चालला. दाजी आजही सांगतात की तो त्यांनी निवडला होता आणि मला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला. सांगू देत.

माझा राग गेला का म्हणून आई अधूनमधून विचारते. गेला नाही. आता माझं स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान आहे; तिथं काउंटरच्या काचेखाली ती यादी आहे, आणि एखाद्या पोरीनं लिहून आणलेला कागद तिचा भाऊ नाहीतर बाप काउंटरवर दुरुस्त करायला लागला की माझ्या कानात अजून तीच शिट्टी वाजते. मी पेन काढून घेते.

गेल्या महिन्यात पप्पा माझ्याकडं राहायला आले होते. मीठ संपलं होतं, म्हणून त्यांना कोपऱ्यावर पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

“बारीक आणू का खडं?”

“पप्पा, मीठ आहे ते. कुठलंही आणा.”

“न्हाई, तू सांग,” पप्पा म्हणाले. “विचारलेलं बरं. आता सही करताना हात थरथरतोय माझा.”

मी म्हटलं, “बारीक.”